फितीवरचा ताळा

हिशेबाच्या वहीशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांना ‘ताळा’ हा शब्द नव्याने सांगावयास नको. मोठा गुणाकार बरोबर आला की नाही, हे पाहण्यासाठी तो पुन्हा पहिल्यापासून करीत बसण्याचे कारण नसते. अंकांची बेरीज करावी, नऊ टाकीत जावे, आणि उरलेल्या शेषावरून उत्तराची पारख करावी. दहाव्या शतकातील दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात ही रीत आलेली आहे, आणि उत्तर काढून पाटी पुढे केल्यावर “ताळा पाहिलास का?” हा गुरुजींचा प्रश्न आमच्या पिढीतील पुष्कळांच्या कानांत अजून असेल. मुलाला वाटे, उत्तर आले म्हणजे काम संपले. गुरुजींना ठाऊक असे की, उत्तर येणे आणि उत्तर बरोबर असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर एका अगदी नव्या जागी पुन्हा उभा राहिला. गणकयंत्रे आपले आकडे चुंबकीय फितीवर लिहू लागली, आणि लिहिले ते खरोखरच उमटले की नाही हे कोणी, कसे आणि केव्हा पाहावयाचे, याचा निर्णय करणे भाग पडले. त्या निर्णयाचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. विषय यंत्रशास्त्रातला असला, तरी त्यातील मर्म कोणाही जबाबदार लेखनिकाला समजण्यासारखे आहे.

हे मर्म ‘केव्हा’ या शब्दात आहे. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकलकार पुष्कळदा अशा आशयाचे लिहून ठेवी की, जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. ही त्याची प्रार्थना केविलवाणी खरी. पण तिच्यामागे एक कटु अनुभव होता. मूळ पोथी समोर आहे तोवर नकलेतील चूक ही ‘चूक’ असते, कारण ती दाखविता येते. मूळ नष्ट झाले की तीच चूक ‘पाठ’ बनते, आणि पुढील पिढ्या तिच्यावर भाष्ये लिहितात. वेदपठणाच्या परंपरेने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ यांत तीच पदे ठरलेल्या क्रमाने जोडीजोडीने, पुढून मागे आणि मागून पुढे म्हणावयाची असतात. त्यामुळे एखादे पद ढळले, तर ते शेजारच्या पदांशी न जुळून म्हणतानाच उघडे पडावे, अशी ती योजना आहे. तेच शब्द पुन्हा म्हणण्यात वरवर पाहता वेळेचा अपव्यय दिसतो. वस्तुतः ती द्विरुक्ती हेच मूळ शब्दांचे कुंपण होय.

आता यंत्रांकडे वळू. चुंबकीय लेखनाचा जन्म आकड्यांसाठी झाला नव्हता, तो आवाजासाठी झाला. डेन्मार्कमधील वाल्डेमार पौल्सेन याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर मानवी वाणी चुंबकरूपाने साठविण्याचे यंत्र सिद्ध केले. पुढे १९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर या गृहस्थाने जर्मनीत कागदी फितीवर लोहचूर्णाचा थर देण्याची युक्ती काढली, आणि १९३५ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे फितीचे यंत्र लोकांपुढे आले. या फितीवरील थरात कोठे कण सुटला, कोठे धूळ बसली, तर गाण्यात क्षणभर किंचित खरखर होई, आणि श्रोत्याचा कान ती सहज क्षमा करी. सुरांचा ओघ इतका बलवान असतो की एक क्षण गळाला तरी राग मोडत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र ही क्षमा नाही. पगारपत्रकातील एक अंक गळाला तर रकमेत ‘किंचित खरखर’ होत नाही. शंभराचे हजार होतात किंवा हजारांचे शंभर. आणि तो बदललेला आकडाही मूळ आकड्याइतकाच साळसूद दिसतो. त्याच्या तोंडावर चुकीची कोणतीही खूण नसते.

याआधी हिशेबाच्या यंत्रांत जाड कागदाची छिद्रे पाडलेली पत्रे वापरीत. त्यांत निदान एवढे समाधान होते की, छिद्र डोळ्यांना दिसे. पत्र उजेडासमोर धरून कारकून ते वाचू शके. शिवाय तेथे पडताळणीची एक साधी पण खर्चिक रीत रूढ होती. एकीने पत्रे तयार केली की दुसरी त्याच कागदांवरून तेच आकडे पडताळणीच्या यंत्रावर पुन्हा दाबी, आणि जेथे दोघींचे जुळत नसे तेथे यंत्र अडून बसे. फीत आली आणि हे समाधान गेले. तपकिरी, गुळगुळीत फितीवर कोरी जागा कोणती आणि लाखो लोकांची नोंद कोणती, हे पाहून सांगणे अशक्य होते. बारीक लोहचूर्ण मिसळलेले द्रावण फितीवर लावून ते वाळू दिले म्हणजे चुंबकीय खुणा रेषारूपाने दिसतात, ही युक्ती तंत्रज्ञ वापरीत; पण ती रोग्याची नाडी पाहण्यापुरती. रोजचे वाचन तशा रीतीने कोण करणार? जे अक्षर डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा तर त्याला स्वतःची साक्ष स्वतःच देता आली पाहिजे.

अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९५१ मध्ये एकर्ट आणि मॉक्ली यांनी रचलेले ‘युनिव्हॅक’ हे गणकयंत्र स्वीकारले. त्याची फीत अर्धा इंच रुंदीची आणि धातूची होती. काशाच्या जातीच्या मिश्रधातूवर निकेलचा मुलामा दिलेला असे. तिच्या रुंदीत आठ ओळी होत्या. सहा ओळींत अक्षर, एक ओळ वेळेचा ठेका धरण्यासाठी, आणि उरलेली एक केवळ ताळ्यासाठी. पुढील वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये, आय.बी.एम. कंपनीने ७२६ या क्रमांकाचे फीतयंत्र पुढे आणले. त्याची फीत प्लॅस्टिकची, तीवर सात ओळी. सहा अक्षराच्या आणि सातवी ताळ्याची. दोन निरनिराळ्या कारखान्यांनी फितीचा एक संपूर्ण पट्टा तपासणीसाठी राखून ठेवला, यावरून चुकीचे भय किती खरे होते याची कल्पना येईल.

या सातव्या ओळीचे काम वाचकांस सहज समजेल. यंत्रातील प्रत्येक अक्षर शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहिलेले असते. समजा, एका अक्षराच्या सहा खुणा १, ०, १, १, ०, ० अशा आहेत. यांत एक हा अंक तीन वेळा आला. एकांची संख्या नेहमी सम असावी असे ठरविले असेल, तर सातव्या जागी आणखी एक ‘१’ लिहावयाचा, म्हणजे चार झाले. वाचताना यंत्र एक मोजते. संख्या विषम भरली तर सातांपैकी कोणती तरी एक खूण बिघडली हे निश्चित.

या साध्या योजनेत एक गंमतीची अडचण होती. फितीवर ‘एक’ लिहावयाचा तर चुंबकत्वाची दिशा पालटावयाची, आणि ‘शून्य’ लिहावयाचा तर काहीच करावयाचे नाही, असा संकेत होता. मग सहाही खुणा शून्य असलेल्या अक्षराचे काय? समसंख्येच्या नियमाने त्याची सातवी खूणही शून्यच. असे अक्षर फितीवर लिहिले तरी कोऱ्या जागेपासून त्याचा भेद करता येईना. म्हणून आय.बी.एम.च्या समसंख्येच्या लेखनात शून्य हा अंक दहाच्या खुणांचा वेष देऊन लिहीत. ‘काही नाही’ हेही लिहावयाचे तर काहीतरी उमटलेच पाहिजे. नाहीतर शून्य नोंदविले आणि नोंद करावयाची राहिली, यांतील अंतर पुसले जाते. हिशेबनीस रकान्यात शून्याऐवजी रेघ ओढतो, तो जागा मोकळी सोडीत नाही, यातील कारणही हेच.

पण सम-विषमाचा हा ताळा दुबळा आहे. एकाच अक्षरातील दोन खुणा बिघडल्या तर संख्या पुन्हा सम होते, आणि चूक बिनबोभाट निसटते. म्हणून मजकुराच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या अखेरीस आणखी एक ताळ्याचे अक्षर लिहू लागले. प्रत्येक ओळीत लांबीच्या दिशेने किती ‘एक’ आले, याचा तो ताळा. खतावणीच्या पानावर आडव्या बेरजा आणि उभ्या बेरजा दोन्ही जुळाव्या लागतात, त्यातलाच हा प्रकार. आडव्यातून निसटलेली चूक बहुधा उभ्यात सापडते. बहुधा म्हणण्याचे कारण असे की, दोन अक्षरांत त्याच दोन ओळी बिघडल्या, तर चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारख्या त्या चुका एकमेकींना झाकतात, आणि दोन्ही बेरजा निर्मळ दिसतात.

ताळा लिहिला खरा, पण तो पाहावयाचा केव्हा? आरंभीच्या यंत्रांत लिहिणारे आणि वाचणारे हेड एकच असे. लिहिलेले वाचून पाहावयाचे तर फीत मागे गुंडाळून पुन्हा चालविली पाहिजे, आणि यंत्राचा एकेक तास मोलाचा. परिणामी पुष्कळदा चुकीचा शोध लागे तो फीत पुढे कधी तरी वाचावयास घेतली तेव्हा. त्या वेळी यंत्राच्या स्मरणातील मूळ मजकूर केव्हाच पुसून गेलेला असे. पोथीच्या नकलकाराची आणि या यंत्राची स्थिती येथे अगदी सारखी आहे. ताळा म्हणतो, चूक आहे. पण बरोबर काय ते सांगावयास कोणी उरलेले नाही.

यावरील उपाय १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आय.बी.एम.च्या ७२९ या यंत्रात आला, आणि तो इतका सरळ होता की तो आधी कोणास कसा सुचला नाही याचे नवल वाटावे. लिहिणाऱ्या फटीच्या लगेच पुढे, अर्ध्या इंचाहूनही कमी अंतरावर, वाचणारी दुसरी फट बसविली. फीत पुढे सरकते. पहिली फट लिहिते, आणि क्षणाच्या अल्पांशात दुसरी ते वाचून ताळा पाहते. जुळला नाही, तर मूळ मजकूर यंत्राच्या स्मरणात अजून शाबूत असतो. मग फीत एक गठ्ठा मागे घ्यावयाची आणि पुन्हा लिहावयाचे. दोनचार प्रयत्नांनीही जमले नाही, तर तेवढा तुकडा सदोष समजून पुसावयाचा, आणि पुढील निर्दोष जागेवर लिहावयाचे. चूक सापडण्याची जागा आणि चूक सुधारण्याची संधी या दोन्ही एकाच क्षणी आणून बसविणे, हे या योजनेचे खरे श्रेय होय.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने गणिती लोक याच प्रश्नाशी झुंजत होते. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग हा गणिती १९४७ च्या सुमारास शनिवार-रविवारी तेथील यंत्रावर आपली उदाहरणे लावून घरी जाई. ते यंत्र चूक ओळखण्यात तत्पर होते. पण चूक दिसली आणि देखरेखीला माणूस नसला की ते उदाहरण टाकून देऊन पुढचे हाती घेई. लागोपाठ दोन आठवडे असे रिकाम्या हाती परतावे लागल्यावर हॅमिंगने विचार केला की, यंत्राला चूक आहे हे कळते, तर ती कोठे आहे हे का कळू नये? त्या चिडीतून चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांचे शास्त्र निघाले, आणि त्याचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाऐवजी अनेक ताळे, आणि प्रत्येक ताळा निरनिराळ्या जागांवर पहारा करणारा, अशी त्याची रचना आहे. कोणते ताळे जुळले नाहीत, यावरून बिघडलेली जागा निश्चित होते.

पुढे १९६१ मध्ये पीटरसन आणि ब्राउन यांनी शेषाच्या ताळ्याचे शास्त्र मांडले, आणि येथे आपल्या नवाच्या ताळ्याची पुन्हा भेट होते. नवाच्या ताळ्यातील वैगुण्य शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ३५७ ऐवजी ३७५ लिहिले तरी अंकांची बेरीज तीच, म्हणून ताळा जुळतोच. तो अंक पाहतो, त्यांची जागा पाहत नाही. नव्या पद्धतीत संपूर्ण गठ्ठा ही एक प्रचंड संख्या मानतात, तिला हातचे न घेण्याच्या एका विशेष अंकगणिताने ठरलेल्या भाजकाने भागतात, आणि जो शेष उरतो तो गठ्ठ्याच्या अखेरीस लिहून ठेवतात. भाजक विचारपूर्वक निवडला म्हणजे अंकांची अदलाबदलही लपत नाही. आणि शेष जितक्या खुणांचा, तितक्या लांबीपर्यंत सलग पसरलेली कोणतीही चूक खात्रीने पकडली जाते. फितीच्या दृष्टीने हा गुण अमोल होता. कारण धुळीचा कण बसला म्हणजे तो एक खूण झाकीत नाही, शेजारच्या दहा-पाच खुणा एकदम झाकतो.

१९६४ मध्ये आलेल्या नऊ ओळींच्या फितीवर आडवा ताळा, उभा ताळा आणि हा शेषाचा ताळा असे तिन्ही पहारेकरी एकत्र आले. त्यांच्या साक्षी जुळवून एकच ओळ बिघडली असेल तर ती कोणती हे काढता येई, आणि पुन्हा वाचताना ती दुरुस्त करता येई. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. ३६०० हे मोठे गणकयंत्र आले, आणि फितींची रिळे हाताळण्याची विद्या आपल्याकडील संशोधकांच्याही अंगवळणी पडू लागली. पुढे १९७३ मध्ये दर इंचात ६,२५० अक्षरे मावणारी फीत आली, तेव्हा दोन ओळी एकदम बिघडल्या तरी मजकूर सावरण्याची सोय झाली होती. लेखन जसजसे दाट झाले, तसतसे ताळ्यांचे प्रमाणही वाढवावे लागले.

फितीचे युग संपले, असे कोणी समजेल तर तो भ्रम ठरेल. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘एल.टी.ओ.’ जातीच्या फिती आजही मोठमोठ्या दप्तरखान्यांत आहेत. २०११ च्या फेब्रुवारीत ‘जीमेल’च्या काही ग्राहकांचा पत्रव्यवहार यंत्रांवरील सर्व प्रतींतून नाहीसा झाला, तेव्हा तो अखेर फितीवरूनच परत मिळाला. या नव्या फितींवर रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये काढलेले संकेत उभे आणि आडवे असे दोन्ही अंगांनी विणलेले असतात. लिहिताच वाचून पाहण्याची जुनी रीत तेथेही कायम आहे. फरक इतकाच की, चूक आढळली तर फीत थांबवून मागे नेत नाहीत. तो भाग पुढे पुन्हा लिहितात.

तरीही एक शंका उरतेच. फीतयंत्र ताळा मांडते तो त्याच्या हाती आलेल्या मजकुराचा. तो मजकूर वाटेतच बिघडला असेल, तर यंत्र त्या बिघडलेल्या मजकुराचा निर्दोष ताळा मांडील, आणि जन्मभर तो जुळत राहील. म्हणून पाठविणाऱ्या गणकयंत्राने प्रत्येक गठ्ठ्याबरोबर स्वतःचा ताळा जोडावा, आणि तो जुळल्यावरच फीतयंत्राने लेखन मान्य करावे, अशी सोय अलीकडे केलेली आहे. साक्ष घ्यावयाची तर ती जितकी मुळाजवळची तितकी चांगली.

आणि काही चुका अशा आहेत की त्यांपुढे कोणताही गणिती ताळा हात टेकतो. जुन्या रिळाला मागील बाजूस एक प्लॅस्टिकचे कडे बसविले तरच त्यावर लिहिता येई. कडे काढले की फीत सुरक्षित. ही योजना खुणा बिघडण्याविरुद्ध नव्हती, माणसाच्या विसरभोळेपणाविरुद्ध होती. कारण चुकीच्या रिळावर लिहिलेला मजकूर प्रत्येक ताळ्याला उतरतो, नष्ट होतो तो त्याखालचा. अपोलो ११ च्या चांद्रविजयाची मूळ चित्रे ज्या फितींवर उतरली होती, त्या पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष खुद्द ‘नासा’ संस्थेला २००९ मध्ये जाहीर करावा लागला. तेथे यंत्राने चूक केली नव्हती. फितीवर काय आहे, हे विचारणारे कोणी त्या वेळी जवळ नव्हते, एवढेच.

आम्हांस हा विषय सुचला तो एका घरगुती दुःखातून. आमच्या वडिलांची जुनी पत्रे आम्ही काही वर्षांपूर्वी यंत्राने टिपून एका पेटीत साठविली. ‘सर्व प्रती पूर्ण’ असा शेरा पडद्यावर उमटला, आणि आम्ही निश्चिंत झालो. एकही प्रत उघडून पाहिली नाही. मूळ कागद माळ्यावर गेले आणि तेथे वाळवीने त्यांचा निकाल लावला. पुढे एका श्राद्धाच्या दिवशी बहिणीला दाखविण्यासाठी ती प्रत उघडली, तेव्हा कित्येक पत्रांचा अर्धा भाग करड्या पट्ट्यांनी झाकलेला निघाला. आईच्या आजारपणातील पत्रे त्यांतच होती. बहीण म्हणाली, “दादा, कागद टाकण्याआधी एकदा पाहिले असतेस!” यावर उत्तर काय देणार?

आज प्रत्येक घरात छायाचित्रे, कागदपत्रे, वडीलधाऱ्यांचे आवाज अशाच न दिसणाऱ्या अक्षरांत साठत आहेत. त्या कुटुंबांना ७२९ च्या त्या दोन फटींइतका उपयुक्त उपदेश दुसरा नाही. प्रत केली की ती लगेच उघडून वाचावी. मुळाशी ताडून पाहावी. आणि ताळा जुळेपर्यंत मूळ हातचे सोडू नये. गुरुजी पाटीवर नेमके हेच सांगत होते.